गरम आहे तोवर

मावशी गव्हले करत होती. रवा-मैद्याचं घट्ट मळलेलं पीठ, त्याची बोराएवढी गोळी डाव्या चिमटीत धरलेली, आणि उजव्या हाताचा अंगठा न् तर्जनी तिच्यातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वळून ताटात सोडत होती. डोळे माझ्याकडे, हात आपल्या कामात. जूनमध्ये तिच्या जावेच्या मुलीचं लग्न आहे. रुखवतात गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या मावशीच्याच हातच्या हव्यात, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं.

मे महिन्यातली नांदेडची दुपार. भाग्यनगरातल्या रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. माझी लेक छताच्या कडीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. तिला दहा महिने पूर्ण झालेत. लातूरहून अहमदपूर, लोहा करत आम्ही आदल्या संध्याकाळी माहेरी पोचलो होतो आणि महिनाभर मनात धरून ठेवलेली गोष्ट मी मावशीला सांगून टाकली होती.

गोष्ट तशी लहानच. बाळंतपणानंतर पहिल्यांदा मी आणि नवरा बाहेर जेवायला गेलो होतो. औसा रोडला आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक इटालियन रेस्टॉरंट आहे. पोटात लेक असताना मी तिथं बऱ्याचदा जायचे. पांढऱ्या सॉसचा पास्ता मागवायचे. म्हणून तिलाही घेऊन गेलो. बाळाला बसवायची उंच खुर्ची तिथं नव्हती. तिला मांडीवर घेतलं. तिनं चमचा टेबलावर आपटला, पाण्याचा ग्लास पाडला, मग रडायला लागली. व्यवस्थापक आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, बाळाला जरा बाहेर फिरवून आणता का?" मी उठले. पायरीवर उभी राहून तिला खांद्यावर थोपटत राहिले. आत नवऱ्यानं जेवण उरकलं, मग तो बाहेर आला, मी आत गेले. माझा पास्ता थंड होऊन एकमेकाला चिकटला होता. तो मी पार्सल करायला सांगितला आणि घरी जाऊनही खाल्ला नाही.

"त्याचं काय चुकलं?" मावशी म्हणाली. "नम्रपणेच बोलला की."

"नम्रपणे बोलला म्हणून बाहेर काढलं नाही, असं होतं का?"

"रात्री आठ वाजता नऊ महिन्यांचं लेकरू घेऊन तू हॉटेलात गेलीस कशाला, ते आधी सांग. तिन्हीसांजेनंतर आम्ही लेकराला उंबऱ्याबाहेर नेत नव्हतो."

"दृष्ट लागते म्हणून?"

"दृष्टीचं राहू दे बाजूला." मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली आहे, दृष्टीची ढाल करून ती वाद घालत नाही. "आमच्या लहानपणी गोवरानं लेकरं जायची. गर्दीत नेलं की घेऊन यायची काहीतरी. हिची गोवराची लस झाली का?"

"नऊ महिने झाले त्याच आठवड्यात दिली. गोवर-रुबेला."

"मग एक झालं. आता बाकीचं ऐक. बंद काचा, वरून एसीचा थंड झोत, गाणी मोठ्यानं. लेकरू रडलं ते खोडीनं रडलं नाही. त्याला तिथं नको होतं. ते सांगायलंय आणि तुला ऐकू येईना."

इथं मला लगेच उत्तर देता आलं नाही. खरोखरच एसीचा झोत आमच्या टेबलावर येत होता, आणि टेबल बदलून मागायचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि खायला काय दिलंस?"

"नुसता उकडलेला पास्ता मागितला होता. मीठ, सॉस काही न घालता."

"दिला?"

"वाढणारा पोरगा गोंधळला. मग आतून वाटीभर आणला. पण त्यांचा पास्ता आधीच मिठाच्या पाण्यात उकडून ठेवलेला असतो. खारट लागला. त्यात मक्याचे दाणे आले होते, ते मी वेचून काढले."

"बघ." मावशीची चिमूट पहिल्यांदा थांबली. "वर्ष होईस्तोवर लेकराला वरचं मीठ नको, हे तुझा डॉक्टरसुद्धा सांगत असेल. आणि मक्याचा एक दाणा घशात अडकला असता तर?"

डॉक्टर सांगतातच. वर्षाच्या आतल्या बाळाच्या मूत्रपिंडांना जास्तीचं मीठ झेपत नाही. मध नको, अख्खा शेंगदाणा नको, अख्खं द्राक्ष नको. हे सगळं मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि आजूबाजूला गडबड चालू असताना, एका हातात वळवळणारं बाळ धरून दुसऱ्या हातानं मक्याचे दाणे वेचणं यात फार अंतर आहे.

"पास्ता काही परका नाही मावशी," मी म्हटलं. "इटलीत लेकरांचं पहिलं खाणं पास्तिना असतं. चांदण्यांसारखा बारीक पास्ता, रश्शात मऊ शिजवून देतात. हे तू करतेयस तेच. आणि त्यांचा पास्ता ड्युरम गव्हाचा. आपला बन्सी त्याच जातीचा."

"बन्सीच्याच शेवया लांब येतात, तुटत नाहीत," ती लगेच म्हणाली. तेवढ्यापुरती आमची एकवाक्यता झाली. मग ती पुन्हा मुद्द्यावर आली. "गव्हल्यांना कोण नाही म्हणायलंय? घरी शिजव, वरणाच्या पाण्यात शिजव, पाहिजे तितके चार. प्रश्न हॉटेलचा आहे."

"हॉटेलात तूही जात होतीस की. तूच सांगायचीस."

तिच्या तरुणपणचं नांदेड मला तिच्याच तोंडून ठाऊक आहे. हॉटेलात बाहेर पुरुष बसायचे, आणि आत प्लायवूडच्या आडोशानं केलेली 'फॅमिली रूम' असायची, दाराला कापडी पडदा. बाईमाणूस दिसलं की वाढणारा न विचारता आतलं टेबल दाखवायचा. माझी मावसबहीण तान्ही असताना मावशी-काका महिन्यातून एकदा पगाराच्या दिवशी डोसा खायला जायचे.

"पडद्याआड लेकराला पाजलं, तिथंच बाकावर निजवलं आणि डोसा गरम गरम खाल्ला," मावशी म्हणाली. "कुणी बाहेर जा म्हणालं नाही."

"तुला आतच बसवलं होतं मावशी. बाहेर बसायची सोय होती का?"

"नव्हती." ती थोडा वेळ गप्प राहिली. "बाहेर बसायचं मनातही आलं नाही. पण डोसा गरम खाल्ला, हे खरं आहे. तुम्ही पडदा काढला ते बरं केलंत. मात्र पडद्यामागं जो बाक होता, तोही काढून टाकलात."

तिच्या या वाक्यावर मी तेव्हापासून विचार करते आहे. आमच्या पिढीच्या रेस्टॉरंटांत आडोसा नाही, ही चांगलीच गोष्ट. पण बाळाला टेकवायला जागा नाही, लंगोट बदलायला फळी नाही, पाजायला कोपरा नाही. मी ओढणी घेऊन पाजते. मला त्याची लाज वाटत नाही. तरी येताना एका बस स्थानकातल्या हिरकणी कक्षात दहा मिनिटं बसले तेव्हा लेक जशी डोळे मिटून निवांत प्यायली, तशी ती ओढणीखाली पीत नाही.

हिरकणीचं नाव निघाल्यावर मावशीतली मास्तरीण जागी झाली.

"रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले म्हणून लेकरापायी कडा उतरली ती बाई. दूध विकायला जाताना लेकरू घरी ठेवून गेली होती. गडावर घेऊन गेली नव्हती."

"घेऊन जाता आलं असतं तर कडा उतरावा लागला नसता."

मावशी हसली. मला बरं वाटलं, आणि मी जोर धरला. "सरोज अहिरे माहीत आहेत ना? देवळालीच्या आमदार. 2022 च्या डिसेंबरात अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या. मग विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पुढं मुंबईच्या अधिवेशनात त्या कक्षात धूळ दिसली, तेव्हा तेही त्यांनी उघडपणे सांगितलं. बाळ नेलं म्हणून जागा झाली. नेलं नसतं तर कुणाला सुचलं असतं?"

"तिला कामावर जायचं होतं गं. मतदारांनी निवडून दिलंय तिला. तुला पास्ता खायचा होता."

हा घाव बरोबर बसला. कारण महिनाभर मी स्वतःला हेच विचारत होते. दवाखान्यात बाळ न्यावं लागतं, बँकेत न्यावं लागतं, बसमध्ये न्यावं लागतं. तिथं कुणी काही म्हणालं तर आपण भांडतो, कारण आपल्याकडं कारण असतं. पास्त्याला काय कारण?

"मला पास्ता खायचा होता," मी म्हटलं. "हे कारण कमी आहे का? नऊ महिन्यांत मी एकदाही गरम जेवले नाही मावशी. ताट वाढलं की ती उठते. सगळे म्हणतात, आधी तिला बघ. बघते. पण एक दिवस कुणीतरी वाढलेलं, आपण न केलेलं, वाफ येणारं काहीतरी समोर बसून खावं, एवढंच वाटलं. काम असेल तरच आईनं बाहेर पडायचं का? हौसेला नाही?"

मावशी ताट बाजूला सारून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हौसेलाही पड. मी कधी नाही म्हणाले? पण शेजारच्या टेबलावर कोण होतं, ते सांग."

हे तिला कसं उमगलं कोण जाणे. ते मी सांगितलंच नव्हतं.

शेजारच्या टेबलावर एक मुलगा आणि त्याचे वडील होते. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा, क्लासची सॅक खुर्चीला अडकवलेली. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आलेली अशी हजारो मुलं आमच्या भागात खोल्या करून राहतात. वडिलांनी पांढरा शर्ट घातला होता आणि पिझ्झाचा तुकडा ते दोन्ही हातांनी धरून खात होते. गावाकडून महिन्या-दोन महिन्यांनी लेकाला भेटायला आलेले असावेत. मुलगा खाली मान घालून काहीतरी सांगत होता. बहुधा मार्कांचं असावं. वडील ऐकण्यासाठी पुढं वाकले होते. आणि माझी लेक चमचा आपटत होती. तिनं ग्लास पाडला तेव्हा पाणी त्यांच्या बाजूला वाहत गेलं. वडील चटकन उठले आणि आपला रुमाल काढून टेबलाची कड पुसायला लागले. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातून गेलेल्या माणसांचे हात सांडलेल्या पाण्याकडं असेच धावतात. मग ते दोघं आपापल्या प्लेटा उचलून पलीकडच्या टेबलावर गेले. तक्रार केली नाही. पण मुलाचं बोलणं तुटलं ते तुटलंच. तिथं दोघं गप्प बसून खात होते.

हे मी मावशीला सांगितलं.

"व्यवस्थापकाच्या बोलण्यापेक्षा हेच जास्त लागलंय तुला," ती म्हणाली.

"हो."

"त्या बापाचाही तो महिन्यातला एकच दिवस होता. तुझ्या गरम पास्त्यासारखाच."

मी गप्प झाले. पण मला तिथं थांबायचंही नव्हतं. कारण या दुखऱ्या जागेवरून माणसं फार पटकन 'लहान मुलांना बंदी' या टोकाला जातात. कोरियाचं उदाहरण मी तिला सांगितलं. दक्षिण कोरियात कितीतरी कॅफे आणि रेस्टॉरंटांच्या दारावर 'मुलांना प्रवेश नाही' अशा पाट्या असतात. जेजू बेटावरच्या एका रेस्टॉरंटनं तेरा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली होती, तेही इटालियनच. 2017 साली तिथल्या मानवाधिकार आयोगानं हा भेदभाव आहे, असं म्हटलं. पाट्या मात्र गेल्या नाहीत. आणि त्याच देशात 2023 साली एका बाईमागं सरासरी 0.72 एवढीच मुलं जन्माला येत होती. पाट्यांमुळं मुलं होत नाहीत, असं मी म्हणत नाही. घरांच्या किमती, नोकरीचे तास, शिकवण्यांचा खर्च, कारणं पुष्कळ आहेत. पण आई झाल्यावर आपल्यासाठी दारं बंद होणार हे जिथं पाटीवर लिहिलेलं असतं, तिथली मुलगी ते वाचतच मोठी होते.

"पाटी नकोच," मावशी ठामपणे म्हणाली. "लेकराला बंदी म्हणजे आईला बंदी. बापाला कोण अडवतंय? तो एकटा जाऊन येईल."

आम्ही दोघी एका बाजूला आलो आहोत असं मला वाटलं, तोच तिनं विचारलं, "आपल्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसतेस तेव्हा लेकरू रडलं तर तुला उठावं लागतं का?"

नांदेडचा माणूस कुठलाही वाद शेवटी गोदाकाठी आणून सोडतो. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरात मी लहानपणापासून बसलेली आहे. लांब सतरंजीवर रांगेनं बसायचं, समोर स्टीलचं ताट, बादलीतून डाळ, हातावर पोळी. 2008 साली गुरु-ता-गद्दीला तीनशे वर्षं झाली तेव्हा शहरात माणूस मावत नव्हता. त्या दिवसांत मावशी शेजारणीच्या सहा महिन्यांच्या नातवाला घेऊन पंगतीला बसली होती. ते पोर रडायला लागलं. पलीकडच्या एका पंजाबी आजींनी काही न बोलता हात पुढं केले, पोराला घेतलं आणि मावशी जेवून उठेपर्यंत खेळवलं. मावशीला पंजाबी येत नाही, त्या आजींना मराठी येत नव्हती.

"पंगतीत लेकरू चालतं, कारण तिथं हात असतात," मावशी म्हणाली. "लग्नातसुद्धा बघ. लेकरू आईजवळ असतं का? या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असतं. आई कुठंतरी जेवत असते. तुझ्या त्या हॉटेलात चार खुर्च्यांचं टेबल, दोनच माणसं, न् त्यातला एक नवरा, तो आपला जेवून घेणार आधी. हात कुठायत?"

"म्हणजे त्यांनी उंच खुर्ची ठेवावी, लोकांनी समजून घ्यावं, हे माझं म्हणणं चूक?"

"चूक नाही. खुर्ची ठेवायलाच पाहिजे, त्याला असा कितीसा खर्च येतो? पण खुर्ची लेकराला धरून ठेवते, रिझवत नाही. आणि जमिनीवर सांडलेलं खरकटं कोण पुसतं? तो वाढणारा पोरगाच ना. रात्री आठ वाजता त्याला दहा टेबलं असतात. तू पाच-साडेपाचला का जात नाहीस? सोबत एक माणूस जास्तीचं का नेत नाहीस?"

"पाच वाजता कोण जेवतं?"

"लेकरू जेवतं."

झोळीत हालचाल झाली. लेक उठली होती. मावशीनं पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्या आधी तीच उठली.

दुसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला. ओल्या नव्हे, चांगल्या वाळलेल्या जुन्या गव्हल्यांची एक मूठ तिनं तुरीच्या वरणाच्या पाण्यात मऊ शिजवली, बिनमिठाची, वरून साजूक तुपाचा थेंब. ते एका डबीत भरलं. सोबत एक जुनं सुती धोतर घेतलं, खाली अंथरायला. आणि ऊन कलल्यावर आम्ही तिघी तिच्या घराजवळच्या एका इटालियन रेस्टॉरंटात गेलो. साडेपाच वाजले होते.

आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या टेबलावर वाढणारी आणि स्वयंपाकघरातली पाच-सहा पोरं जेवत होती. ज्वारीची भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. आम्हाला बघून एक जण घाईनं उठायला लागला.

"जेव बाबा, जेव," मावशी म्हणाली. "आम्हाला घाई नाही."

मला भूक लागली होती. तरी आम्ही वीस मिनिटं बसलो. मी पंख्याखालचं टेबल निवडलं, एसीपासून लांबचं. मावशीनं मेन्यू मागून घेतला, चष्मा लावून सबंध वाचला, आणि किमती बघून काही बोलली नाही. लेक भाकरीच्या वासाच्या दिशेनं मान वळवत होती. त्यांच्यातल्या एकानं हात धुऊन येताना तिच्यापुढं चुटकी वाजवली. "माझी भाची एवढीच आहे," तो म्हणाला. "लोह्याला." त्याला मी विचारलं, बाळाची खुर्ची आहे का. नव्हती. मालकाला सांगतो म्हणाला. मावशी म्हणाली, "सांगच. आम्ही परत येणार आहोत."

याचं मला नवल वाटलं, पण मी तिला टोकलं नाही.

पास्ता आला. लेक मावशीच्या मांडीवर होती, खाली धोतर अंथरलेलं. एकेक गव्हला ती बोटानं दाबून बघत होती. निम्मे तोंडात, निम्मे धोतरावर. मी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला तिनं डबी उलटी केली आणि रडायला सुरुवात केली. तेवढ्यात दार उघडून एक जोडपं आत आलं होतं, आणि ते कुठं बसावं ते बघत होतं.

मी काटा खाली ठेवून उठले. मावशी माझ्या आधी उठली होती. लेकीला खांद्यावर टाकून तिनं मला हातानं खाली बसवलं.

"बस. गरम आहे तोवर खा."

काचेपलीकडं ती पायरीवर उभी राहिली. रस्त्यानं ऑटो जात होते आणि ती बोट दाखवून लेकीला एकेक दाखवत होती. लेकीचं रडणं थांबलं की नाही, ते काचेतून ऐकू येत नव्हतं. मी ताट जवळ ओढलं.